सर, तुम्ही नाही म्हणालात तेव्हा

सर, तुमचा व्हिसा आला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. कुरिअरवाल्यानं माझं पाकीट माझ्या हातात दिलं आणि तुमचं मागं धरलं. म्हणाला, "हे ज्यांचं आहे त्यांच्याच हातात द्यायचंय. त्यांना बोलवा." मी म्हटलं, "ते नाहीत." तो म्हणाला, "मग कधी येतील? मी पाचला पुन्हा चक्कर मारतो." त्याची काय चूक होती? पण तुम्हाला माझं तोंड माहीत आहे. मी त्याला जे बोलले ते ऐकून समोरच्या घरातली माणसं गेटपर्यंत आली. शेवटी त्यानं पाकीट ओट्यावर ठेवलं, सहीसुद्धा घेतली नाही आणि गाडी काढली. तुम्ही असता तर त्याला पाणी दिलं असतं आणि वर विचारलं असतं, कुठल्या शाळेत होतास रे.

मी पाकीट फोडलं. पासपोर्टात चिकटवलेल्या त्या गुळगुळीत कागदावर तुमचा फोटो आहे. तिकडच्या सरकारनं तुम्हाला येऊन राहायची परवानगी दिली आहे. इकडं मात्र सगळ्यांचं म्हणणं असं पडलं आहे की तुम्हाला जायचंच नव्हतं.

सगळ्यांचं म्हणजे आक्कांचं.

तेराव्याला पंगत बसायच्या वेळी, पंधरा-वीस बायकांसमोर तुमची थोरली बहीण काय म्हणाली ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात साक्षीदार म्हणून तुम्हालाच उभं केलं होतं. कुणीतरी नुसतं म्हणालं, "फारच अचानक झालं बाई." तर आक्का म्हणाल्या, "अचानक कशाचं? दिनू पैठणला माझ्याकडं येऊन गेला की. म्हणला, आक्का, चढ चढताना छातीत भरून येतंय, माझ्यानं तिकडचं चालणं व्हायचं नाय. मी म्हणलं, मग बायकोला सांग. तर म्हणला, सांगितलं. ती हसली."

सर, माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं आणि म्हणाले, "आक्का, मला यांनी एका शब्दानं सांगितलेलं नाही. वयाला शोभेल असं बोला."

"मंग मी खोटी का?"

"हो. खोट्या."

तुमची आई गेल्यावर ज्या बाईनं तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलं, तिला मी भर पंगतीत खोटी म्हणाले. त्या उठल्या. पान वाढलेलं होतं, त्याला हात लावला नाही. पदर सावरला, चपला घातल्या आणि रिक्षा करून बसस्टँडला गेल्या. तेराव्याचं पान टाकून घरचं माणूस निघून गेलं की लोक काय काय बोलतात, ते तुम्हाला सांगायला नको.

सगळे पांगल्यावर रेणूनं विचारलं, "आई, बाबांनी खरंच काही सांगितलं नव्हतं तुला?" आपलीच लेक, पुण्याहून धावत आलेली, रडून डोळे सुजलेले. पण प्रश्न असा विचारला, जसा तुम्ही वर्गात विचारत असाल. उत्तर आधीच माहीत असल्यासारखा. मी म्हटलं, "नाही." गिऱ्हाइकाला शेवटचा भाव सांगते तसं ठाम. ती पुण्याला परत गेली, तिथून रोज फोन करते, जेवलीस का विचारते आणि ठेवून देते.

म्हणून हे लिहायला बसले. लोकांच्या स्मृतिलेखात असतं तसं तुमचं कौतुक मला आत्ता जमणार नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही मला सांगितलं होतंत की नव्हतं, एवढंच ठरवायचं आहे.

सुरुवात तुम्हीच केली होती. लग्न होऊन महिना झाला नव्हता. आपल्या त्या एका खोलीत भांडी ठेवायला फळी नव्हती, पण भिंतीवर जगाचा नकाशा होता. एका रविवारी तुम्ही मला त्याच्यासमोर उभं केलंत आणि पेन्सिलीच्या टोकानं दाखवलंत, "हे व्हेनिस. इथं गावात रस्ते नाहीत, पाणी आहे."

मी म्हटलं, "मग भाजीवाली कशी येते?"

"होडीत."

"आणि वरात?"

"होडीत."

"आणि माणूस मेलं तर?"

"तेही होडीतच."

मी हसून हसून खाली बसले होते. नवरा थापा मारतोय असंच वाटलं मला. तुम्ही रागावला नाहीत. शाळेतून एक जुनं पुस्तक आणून चित्र दाखवलंत. तेव्हाच मी मनात ठरवलं, की हे गाव या माणसाला दाखवायचं. त्या वेळी आपल्याकडं धड सायकल नव्हती.

तीस वर्षं तुम्ही कन्नड तालुक्यातल्या पोरांना तो नकाशा शिकवलात. रोज पहाटे एसटी, नाहीतर जीप. आणि घरी? घरी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. आपण व्हेनिसला निघालो हे कळल्यावर गल्लीत केवढी थट्टा झाली! शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, येताना एक टँकर भरून आणा." तुम्ही म्हणालात, "काका, ते पाणी खारं आहे." काका म्हणाले, "चालंल हो, वापरायला घेऊ." त्या दिवशी तुम्ही मनापासून हसला होता. मग मला सांगा, जायचं नसलेला माणूस असा हसतो का?

पण खरं सांगायचं तर तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत, की मला व्हेनिस बघायचंय. एकदाही नाही. मी विषय काढला की तुमचं ठरलेलं, "अगं, मी रोज बघतो ते. डोळे मिटले तरी दिसतं." मी म्हणायचे, "कापड हात लावल्याशिवाय कळत नाही." तुम्ही म्हणायचात, "गाव म्हणजे कापड नव्हे, शेठाणीबाई." त्यावर मी चिडायचे आणि वाद तिथंच तुटायचा. तो वाद अजून तसाच पडून आहे. तुम्ही जिंकला असतात तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण तुम्ही माझ्याशी कुठलाच वाद शेवटपर्यंत लढला नाहीत. हरलेलं बरं, असं समजून सोडून द्यायचात. मला ते तेव्हाही आवडत नव्हतं.

आता सुरतेबद्दल लिहिते. कारण सगळं तिथून सुरू झालं.

मी घरात मशीनवर पडद्यांच्या कडा मारून द्यायचे, तिथपासून क्रांती चौकाजवळच्या पडद्यांच्या दुकानापर्यंत कशी आले, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. माल आणायला सुरतेला जायचं तर बाई माणूस एकटं नको, म्हणून पहिल्यांदा तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत सोबत आलात. बाकीचे मास्तर सुट्टीत गावी जाऊन झोपा काढायचे. तुम्ही चाळीस अंशात कापडाच्या गाठीवर बसून राहायचात. लोक मागून "दुकानवालीचा नवरा" म्हणायचे. तुमच्या कानावर यायचं आणि तुम्ही ते मला स्वतः येऊन सांगायचात, गंमत म्हणून. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हणाले नाही. आता म्हणते. दुसरा कुणी असता तर मला दुकान काढू दिलं नसतं.

तर आपली पद्धत. मी व्यापाऱ्याशी घासाघीस करायची, आवाज चढवायचा, कापड चुरगाळून बघायचं, नाक मुरडायचं. तुम्ही गप्प बसायचं. माझी पर्स खाली पायाशी असायची. व्यापारी शेवटच्या टोकाला आला, की मी ती पर्स उचलून मांडीवर घ्यायची. ती खूण होती. मांडीवर पर्स आली की तुम्ही म्हणायचं, "आपल्याला नको हे. चल." आणि उठून उभं राहायचं. नवराच नको म्हणतो म्हटल्यावर व्यापारी नरमायचा.

पहिल्या वेळी मी पर्स मांडीवर घेतली आणि तुम्ही काय म्हणालात, आठवतं? "कापड छान आहे की!" मी गाठीआडून असा चिमटा काढला की तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वेळी तुम्ही "नको" म्हणालात, पण उठायचं विसरलात. हळूहळू तयार झालात. पुढं पुढं तर तो टक्कल पडलेला सुरतवाला आपण दुकानात शिरताच हात जोडायचा, "मास्टरजी, आज आप कुछ मत बोलना. भाभीजी से मैं निपट लूँगा." आणि तुम्ही इतके साळसूद बसायचात, की मला हसू दाबावं लागायचं. संसारात आपण दोघांनी मिळून एवढं चोख काम दुसरं कुठलं केलं असेल असं मला वाटत नाही.

टूरच्या ऑफिसातही आपण तसेच गेलो.

तो टूरवाला भला माणूस. आपल्याला काका-काकू म्हणायचा. तुम्हाला मात्र मीच सर म्हणते हे ऐकून तोही सर म्हणायला लागला. त्यानं सगळं समजावून सांगितलं. राहायचं हॉटेल व्हेनिसच्या बाहेर, जमिनीवर. रोज बसनं आत जायचं, बघायचं, परत यायचं. मी म्हटलं, "गाव बघायला न्यायचं आणि गावाबाहेर झोपवायचं? पाहुण्याला कुणी वेशीवर ठेवतं का? आम्हाला आत पाहिजे, पाण्याकाठी. खिडकीतून होडी दिसली पाहिजे." तो म्हणाला, "काकू, आत राहायचं म्हणजे लई त्रास असतो. गाडी जात नाही. आपापल्या बॅगा उचलून पुलांवरून न्याव्या लागतात. प्रत्येक पुलाला पायऱ्या. चढा, उतरा, पुन्हा चढा." मी म्हटलं, "ते आमचं आम्ही बघू. तुम्ही खोली द्या. आणि होडीची फेरी वर वेगळी घेऊ नका." तो मान हलवत बसला.

तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मला नाही जायचं."

तो थांबला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही समोरच्या टेबलाकडं बघत होता. पुन्हा म्हणालात, "खरंच नाही जायचं मला."

मग तुम्ही उठलात.

आणि टूरवाला घाबरला. म्हणाला, "सर, बसा, बसा. असं नका करू. खोली आतच देतो. होडीपण माझ्याकडून." मी दोन मिनिटं आढेवेढे घेतले आणि हो म्हणाले.

खाली उतरताना जिन्यात मला हसू आवरेना. मी तुमच्या पाठीवर थाप मारली, "सर, आज तर तुम्ही कमाल केली! ते 'खरंच' कुठून आणलंत? सुरतवाल्यासमोर कधी नाही म्हणालात ते." तुम्ही कठडा धरून उभे होता. तुम्हीपण हसलात. म्हणालात, "मास्तरीण चांगली मिळाली की."

हसलात कशाला, सर?

तेव्हा एकदा म्हणायचं होतंत, की अगं, ते नाटक नव्हतं. जिन्यात आपण दोघंच होतो. तिसरं कुणी नव्हतं. मी ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मग डॉक्टरकडं घेऊन गेले असते. एवढी ओळख तर होती ना तुम्हाला माझी?

नंतर मी तुम्हाला रोज सकाळी गोगाबाबा टेकडीवर नेलं. पुलांची सवय व्हावी म्हणून. इतर म्हातारे तिथं हवा खायला येतात. मी तुम्हाला पाठीवर पिशवी घेऊन चढवलं, आत पाण्याच्या बाटल्या भरून. तुम्ही अर्ध्यावर बसायचात. म्हणायचात, "तू हो पुढं. मी इथून मकबरा बघतो." मी वरून हाका मारायचे, "सर, व्हेनिसला कुणी मकबऱ्याची सबब ऐकणार नाही!" येणारे-जाणारे हसायचे. तुम्ही उठायचात. मला वाटायचं, पोट सुटलंय, आळस आलाय, निवृत्तीनंतर माणूस सैलावतो. तुमच्या तोंडाचा रंग मी बघितला नाही. पडद्याच्या दोन छटांतला फरक मला दिव्याच्या उजेडातसुद्धा कळतो, सर. तुमच्या तोंडाचा कळला नाही.

त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, आक्काला भेटून येतो. एकटेच गेलात पैठणला. येताना मोसंब्या आणल्यात. मी विचारलं, काय म्हणतात आक्का. तुम्ही म्हणालात, "मजेत आहे." मोसंबी सोलून माझ्या हातात दिलीत.

ज्या दिवशी गेलात, त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. त्यामुळं टेकडीला सुट्टी. सकाळपासून सगळी गल्ली मोटारी लावून बसलेली. तुम्ही खाली नळी धरून होता आणि मी गच्चीवर टाकीपाशी. मी वरून विचारलं, "सर, मोटार चालू आहे ना? वर पाणी येत नाही." उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, जरा जोरात. मग तिसऱ्यांदा जे ओरडले ते मला इथं लिहायचं नाही. बहिरे झालात का, एवढंच सांगते, पुढचं राहू द्या. जिना उतरताना माझी बडबड चालूच होती. तुम्ही अंगणात भिंतीला टेकून बसला होता. नळी बाजूला पडलेली आणि पाणी अंगणभर. मी आधी काय केलं असेल? मी नळ बंद केला. पाणी वाया जातंय म्हणून. मग तुमच्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. मीच विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, कदाचित. नक्की सांगता येत नाही. मी त्यांच्याशीसुद्धा हुज्जत घातली, की नक्की सांगता येत नाही म्हणजे काय. त्यांनी माझ्याकडं जसं बघितलं, तसं अजून कुणी माझ्याकडं बघू नये असं वाटतं.

व्हिसा आल्यावर आठवडाभरानं मी टूरच्या ऑफिसात गेले, दोन्ही तिकिटं रद्द करायला. रेणू म्हणाली होती, मी येते तुझ्यासोबत व्हेनिसला, बाबांचं राहिलेलं बघून येऊ. मी म्हटलं, नको. त्या टूरवाल्यानं मला बसवलं, चहा मागवला. कागद भरता भरता म्हणाला, "काकू, एक बोलू का? राग येईल तुम्हाला."

"बोला."

"त्या दिवशी सर जायचं नाही म्हणाले ना, तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. मला वाटलं, झालं, हे गिऱ्हाईक गेलं. त्यांचा चेहराच तसा होता. मग तुम्ही हसून बघितलं माझ्याकडं, म्हणून मी पुन्हा उचललं."

मी त्याला म्हटलं, "तुम्ही तुमचं काम करा. आमच्या घरातलं तुम्हाला काय कळतं?" आणि सही ठोकून निघाले. चहा तसाच राहिला.

दुकानात गेले नाही. घरी आले. आणि हे लिहायला घेतलेलं पुन्हा वरपासून वाचलं. त्यात एक गोष्ट मी गाळली आहे, सर. ऑफिसातलं सगळं लिहिलं, टूरवाल्याचं बोलणं लिहिलं, तुम्ही उठलात ते लिहिलं. पर्सचं लिहिलं नाही.

पर्स खाली होती. माझ्या पायाशी. मी ती उचलली नव्हती.

मला अजून दोन गोष्टी त्याच्याकडून काढायच्या होत्या, म्हणून मी थांबले होते. खूण दिलीच नव्हती. तुम्ही खुणेशिवाय बोललात. वीस-बावीस वर्षांत तुम्ही एकदाही खुणेशिवाय बोलला नव्हता. आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मनात आलंसुद्धा होतं, की अरे, पर्स तर खाली आहे. पण समोरचा नरमला होता. भाव जुळत होता. जुळत आलेला सौदा मी आयुष्यात कधी मोडला नाही. म्हणून मी स्वतःची समजूत घातली, की सर आता माझ्यापेक्षा हुशार झाले, वेळ अचूक ओळखायला लागले. आणि जिन्यात मी हसले ते तुमच्या नाटकाला नव्हे. आतून काहीतरी टोचत होतं, त्यावर हसले.

म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत. दोनदा. "खरंच" म्हणून. आणि मी हसले.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि पैठणची एसटी धरली. आक्का ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून हात थांबले, पण या म्हणाल्या नाहीत. मी पायरीखाली उभं राहूनच म्हटलं, कारण बसले असते तर बोलता आलं नसतं, "आक्का, त्यांनी मला सांगितलं होतं. मी हसले होते. तुम्ही खोट्या नाही. त्या दिवशी खोटं मीच बोलले."

वाटेत मी सगळी तयारी केली होती. त्या काय काय बोलतील, कोणत्या शब्दाला मी गप्प राहायचं, कुठं पाया पडायचं. आक्कांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. मग म्हणाल्या, "वर ये. बस."

मी बसले.

"मी बी पंगतीत अर्धंच बोलले," आक्का म्हणाल्या. "दिनू आला तवा म्हणला, आक्का, तूच फोन कर तिला. तुझं ऐकल ती. मी म्हणले, येडा हायेस का रं? वीस वर्सांत ती बाई सणावाराला दुकान बंद ठिवीत नाय, आन् आता तुझ्यासाठी इतके दिस कुलूप लावतीय. आपल्या बापानं आईला कुठं नेलं व्हतं का कधी? तुला बायको नेतीय तर तोंड वाकडं करतोस. जा गुमान. डाक्तरला काय, आल्यावर दाखीव."

मी समोरची एक शेंग उचलून फोडली.

"आल्यावर दाखीव म्हणले मी," आक्का पुन्हा म्हणाल्या. "पंगतीत तुझं नाव घेतलं की माझं झाकलं जातं. म्हणून घेतलं."

सर, मला वाटलं होतं, असं काही ऐकायला मिळालं तर माझं ओझं हलकं होईल. तसं झालं नाही. आक्कांचा राग मात्र आला नाही. मला राग आला तो तुमचा. सांगायला आम्ही दोघी होतो, मी आणि आक्का. साठ पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर पोचेल असा आवाज होता तुमचा. तो घरात एकदा काढायला काय झालं होतं? पासपोर्ट लपवायचा. टेकडीच्या पायथ्याशी बसकण मारायची. हिच्याकडून तिच्याकडं कशाला गेलात, आणि तिथून मोसंब्या घेऊन परत कशाला आलात?

हे सगळं मी आक्कांना बोलून दाखवलं. मोठ्यानं. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "ल्हानपणापासून असाच. पायात काटा मोडला तर दोन दिस लंगडत शाळेत गेला. पाय सुजला तवा मला कळलं. विचारलं, सांगितलं का नाय रं? तर म्हणला, तू कामात व्हतीस." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. तेराव्याला फुटला नव्हता. मग मी रडले की त्या आधी रडल्या, ते आता सांगता येणार नाही. शेंगा तशाच राहिल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "रेणूला सांगितलंस का?"

"नाही."

"मंग मी येते."

आक्का काल आल्या. बॅग भरून आल्या आहेत, बरेच दिवस राहतील असं दिसतं. रेणू शनिवारी येते आहे. तिच्यासमोर आधी कोण बोलणार, यावरून सकाळपासून आमची जुंपली आहे. आक्का म्हणतात, "थोरली मी हाय, आधी मी बोलणार." मी म्हटलं, "आक्का, बायको मी आहे."